एका घरकुलासाठी दोन चुली

इचलकरंजीच्या माणसाला शांतता सोसत नाही. आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना यंत्रमाग. वीज गेली आणि माग थांबले की पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागतात. अशा गावात वाढलेली मी यवतमाळला पोचले आणि पहिली रात्र टक्क जागी राहिले. उकाडा होताच, पण मला जागवलं ते त्या गप्प गावानं. एवढा कापसाचा मुलूख आणि कुठं खडखड नाही! तेव्हा कुठं ध्यानात आलं, की आयुष्यभर मी सूत पाहिलं, कापड पाहिलं, नाकातोंडात तंतू जाऊन खोकले, पण कापसाचं झाड काही पाहिलेलं नव्हतं.

गेले होते इंटर्नशिपला. कायद्याच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठंतरी उमेदवारी करावी लागते. माझ्या वर्गातल्या मुली मुंबईच्या मोठ्या वकिलांकडे गेल्या. मी गृहनिर्माण धोरण हा विषय हौसेनं मागून घेतला. माझी कल्पना अशी, की थंड वाचनालयात बसायचं, निकाल वाचायचे, टिपणं काढायची. पुण्यात आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तू यवतमाळला जा." त्या वर्षांत कापसाचा भाव पार पडलेला, आणि यवतमाळचं नाव पेपरात रोज एकाच कारणासाठी यायचं. आई म्हणाली, "दुसरा जिल्हा नाही का मिळाला तुला?" बाबांनी टोपी आणून दिली.

यवतमाळ

बाईंनी पाठवलं त्या संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक कूलर. कूलर वाऱ्यापेक्षा पाणीच जास्त फेकायचा, त्यामुळे त्याच्यासमोरच्या टेबलावर कागद ठेवायचे नाहीत हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम तिथल्या ताईंनी सांगितला. "घरकुल ज्यांना मिळायला पाहिजे त्यांना का मिळत नाही, हे घाटंजीकडच्या एकदोन गावांत जाऊन बघ. बघ आणि ऐक. बोलायचं कमी." माझ्या कपाळावर काही लिहिलेलं असावं, कारण हे मला सगळेच सांगतात.

सकाळी कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर रस्सा ओततात हेच मला आधी पटेना. वर मी ऐटीत म्हटलं, "आम्ही कोल्हापूरकडचे, तिखटाचं सांगू नका." दुकानदारानं फक्त पळी जरा खोल घातली आणि वरचा लाल तवंग माझ्या बशीत सोडला. मग मी बराच वेळ पाणी पीत उभी होते आणि तो दुसऱ्या गिऱ्हाईकांशी बोलत होता.

बसून राहणं मला जमेना. ताई म्हणत, दोन दिवस कागद वाच, हवा अंगी लागू दे. मी दुसऱ्याच दिवशी घाटंजीची एसटी धरली.

घाटंजी

घाटंजीला मला न्यायला प्रेमसिंगभाऊ आले होते. संस्थेचे कार्यकर्ते. जवळच्याच तांड्यावरचे बंजारा. घरी बायकोशी गोरबोली, बाजारात हिंदी, गावात वऱ्हाडी आणि माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठी, असं चार जिभांचं काम ते सहज करत. पाहताक्षणी त्यांनी माझी टोपी नापास केली. स्वतःचा दुपट्टा माझ्या डोक्याला, कानांना, नाकाला असा काही गुंडाळला की डोळे तेवढे उरले, आणि हातात एक कांदा दिला. "खिशात ठेवा. ऊन लागत नाही." मी मनात हसले. पण कांदा काही फेकला नाही.

मोटरसायकलवरून जाताना तो मुलूख पहिल्यांदा नीट दिसला. काळी जमीन, भेगाळलेली, मैलोगणती उघडी. बांधावर एखादं पळसाचं झाड, बाकी सावली नाही. शेतात उपटून रचलेल्या काळपट काटक्यांचे ढीग. हे काय, म्हणून विचारलं तर प्रेमसिंगभाऊंनी गाडीच थांबवली. "हे? हीच पऱ्हाटी. कापसाचं झाड." मी उतरून एक काटकी हातात घेतली. बोंडाच्या टरफलात कापसाचा एक चिकट पुंजका अडकून राहिला होता. मला उगाच भरून आलं, आणि मग त्या भरून येण्याचा रागही आला.

गाव

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. वाचून झाल्यावर कारण कळेल.

गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती. तिच्या टोकाला कौसल्याबाईंचं घर, किंवा जे होतं ते. पुढं जुन्या योजनेतलं एक खोलीचं घरकुल, त्याचा स्लॅब मधोमध खचलेला, आत लोखंड लोंबतंय, आणि दारात काटेरी फांदी लावलेली, कोणी आत जाऊ नये म्हणून. त्याच्या मागं, त्याच भिंतीला टेकून, कुडाची झोपडी. पऱ्हाटीच्या काड्या उभ्या विणायच्या आणि त्यावर माती-शेणाचा लेप. या भिंती दर उन्हाळ्यात नव्यानं भराव्या लागतात. पावसात माती वाहून गेली की आतली माणसं बाहेरून दिसतात.

कौसल्याबाई दारात उकिडव्या बसून माती भिजवत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून आली व माय?"

मी म्हटलं, "इचलकरंजीहून."

त्या बघत राहिल्या. आतून कोणीतरी फसकन हसलं. प्रेमसिंगभाऊंनी गाडी स्टँडवर लावता लावता समजावलं, की काहून म्हणजे कुठून नव्हे, का. का आलीस, असं त्या विचारतायत. हसत बाहेर आली ती त्यांची सून, मंगला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. हनुवटीवर गोंदण, हाताला पीठ.

मी सांगितलं, घरांची माहिती घ्यायला आले. कौसल्याबाईंचा विश्वास बसला नाही. त्या उन्हाळ्यात शहरातून कोणी आलं की एकाच कामासाठी येई. "आमच्या घरी तसं कोनी मेलं नाही, बाई," त्या अगदी समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या. "तुमाले पल्याडच्या गल्लीत जा लागते." जिवंत माणसाकडे कोणी मुद्दाम येईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मी तिथंच मातीत बसले.

मग पन्हं आलं, आणि दुपारी जेवायचा आग्रह झाला. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी. जवसाची चटणी मी पहिल्यांदा खाल्ली आणि दोनदा मागून घेतली. पण खरी गंमत स्वयंपाकाची होती. सरपण म्हणजे पऱ्हाटीच. ती कागदासारखी भुर्रकन जळून जाते, म्हणून चुलीपाशी दोघी लागतात. एकीनं भाकर थापायची, दुसरीनं एकसारखी काडी सारत राहायची. मंगला थापत होती, कौसल्याबाई सारत होत्या, आणि दोघींचं बोलणं त्याच तालावर. "मी जातो पान्याले," सून म्हणे. "मंग मी बसतो इथंसा," सासू म्हणे. आमच्याकडेही बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात आणि पुण्यात त्यावरून आम्हाला हसतात. इथं मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्यांची गोष्ट परतीच्या वाटेवर प्रेमसिंगभाऊंनी सांगितली. कौसल्याबाईंचा एकुलता मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार थाटला. गावानं आपल्या परीनं निकाल देऊन टाकला, की बायकोनंच हाकलला असेल, एरवी पोरगा असा नव्हता. तेव्हा कौसल्याबाई ज्याच्या ज्याच्या तोंडून हे ऐकू आलं त्याच्या दारात जाऊन भांडल्या होत्या. पोटच्या पोराला दारात उभं केलं नाही आणि सुनेला माहेरी जाऊ दिलं नाही. "तेव्हापासून कोणाची हिंमत नाही त्या बुढीपुढं मंगलाचं नाव काढायची," प्रेमसिंगभाऊ म्हणाले.

आता अडचण अशी. पडलेलं घरकुल सासऱ्याच्या नावानं मिळालेलं, आणि एका कुटुंबाला एकदाच. सून त्याच कुटुंबातली. म्हणजे झोपडी वाहून गेली तरी दोघींना काही मिळायचं नाही. मी ग्रामसेवकांना गाठून वाद घातला. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. पंख्याखाली मान मागं टाकून म्हणाला, "मॅडम, आम्ही कुटुंब मोजतो चुलीवर. एक चूल, एक कुटुंब. त्या बाईची चूल वेगळी असती तर तिचं नाव मीच पाठवलं असतं. यादी अजून गेलेली नाही."

एवढंच ना! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. कायद्याच्या पुस्तकात असं सोपं उत्तर कधी सापडत नाही. चार मुठी मातीची एक चूल मांडायची की झालं. प्रेमसिंगभाऊंनाही त्यात काही अवघड दिसेना. त्यांच्या तांड्यावर मुलाचं लग्न झालं की काही दिवसांत त्याची चूल वेगळी होते, आई स्वतः तवा काढून देते, कोणाच्या डोळ्यात पाणी येत नाही. आमच्या इचलकरंजीत तर एका बिऱ्हाडात दोन गॅस असतात आणि एकाच डब्यात चटणी. असे आम्ही दोघं शहाणे दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या झोपडीपुढे हजर झालो.

मंगलानं ऐकलं आणि ती उठून आत गेली.

"तिले काय झालं?" मी विचारलं. चार दिवसांत मी तिले-मले करायला लागले होते.

"येगळी चूल म्हन्जे झगडा," कौसल्याबाई सावकाश म्हणाल्या. "आमच्याइथं कोनाची चूल येगळी झाली का लोक इचारतात, कोनाचं चुकलं? कोनाचं तरी चुकलं असलंच पाह्यजे."

मंगला आतूनच म्हणाली, "मले घर नाही पाह्यजे. कुड भरून घेऊ."

मला राग आला. खरंच आला. मी आत जाऊन तिला कलमं ऐकवली, हक्क सांगितला, नुसतं नावाला आहे, नाटक आहे म्हणून सांगितलं. ती भांडी घासत राहिली. "तुमाले नाटक वाटते, ताई," ती म्हणाली. "चूल नाटकाची कशी राह्यते? तिच्यावर भाकर तर खरीच शिजन."

ठरवलं ते कौसल्याबाईंनी. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर त्या अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काळ्या मातीत तणस मिसळत होत्या. बोटं सांध्यांत सुजलेली, एकेक गोळा वळायला त्यांना वेळ लागत होता. "यंदा कुड भरनं नाही होत माह्यानं," त्या मातीकडे बघत म्हणाल्या. "मी गेल्यावर हिनं एकटीनं कोनाच्या आडोशाले बसाचं? होऊन जाऊ द्या." चूल सुंदर झाली. कडा बोटांनी गुळगुळीत केलेल्या. मंगला तिच्याकडे पाठ करून बसली होती.

पुढचे काही दिवस मी नुसती धावत होते. ग्रामसेवक, पंचायत समिती, यवतमाळ, पुन्हा घाटंजी. एकदा कांदा खोलीवर विसरले आणि बरोबर त्याच दिवशी उन्हानं लोळवलं. घाटंजीच्या स्टँडवर एका बाईनं मला आडवं केलं, तळपायांना कांदा चोळला आणि वर विचारलं, "इतकी कायले पळून राह्यली व पोरी?" मला वाटायचं, मी थांबले तर पाऊस येईल. कोणाच्या तरी भिंती माझ्या थांबण्यामुळे पडतील, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

तपासणी

पंचायत समितीचे साहेब जीपनं आले. वस्ती गोळा झाली. ते आधी तांब्याभर पाणी प्याले, मग त्यांनी अंगणात फिरून पाहिलं. दोन कोपऱ्यांत दोन चुली पेटलेल्या. दोन्हीकडे धूर, दोन्हीकडे करपलेल्या भाकरी, कारण आता दोघींनाही थापायचं आणि सारायचंही एकटीनंच होतं. मंगलाची भाकर अर्धी पांढरी, अर्धी काळी. साहेबांना त्यातलं काही ओळखू आलं नाही, पण मला आलं, आणि मी नजर वळवली.

"स्वयंपाक वेगळा?" साहेबांनी कौसल्याबाईंना विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"झाले दिवस."

इथपर्यंत आम्ही पढवलं होतं. साहेब लिहिता लिहिता थांबले आणि वर न बघताच म्हणाले, "काहून?"

हा प्रश्न माझ्या स्वप्नातही नव्हता. सगळी वस्ती ऐकत होती. कोणीतरी खोकलं. मी प्रेमसिंगभाऊंकडे पाहिलं, ते जीपच्या चाकाकडे बघत होते. साहेबांनी पेन कागदावरून उचललं. अजून एक क्षण गेला असता तर त्यांना शंका आली असती. नव्हे, ती येऊ लागलीच होती.

"माह्या पोराले हिनंच हाकललं," कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पार शेवटच्या दारापर्यंत जाईल असा. "म्हून नाही जमत."

साहेबांनी मान हलवली. असलं त्यांनी गावोगाव ऐकलेलं असणार. लिहिलं, सही केली, मंगलाचा अंगठा घेतला आणि जीपकडे वळले. मागे उभ्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हलकेच हसल्या. ज्यांच्या दारात जाऊन बुढी भांडली होती त्याच असाव्यात, अशी माझी खात्री आहे.

"काम झालं, वकीलबाई!" प्रेमसिंगभाऊ म्हणाले. आनंद मलाही झाला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आनंदच झाला. मग अंगणात पाहिलं तर मंगला नव्हती आणि तिची चूल विझली होती.

ती हापशीवर भेटली. घागर भरून वाहत होती तरी हापसत होती.

"त्या खोटं बोलल्या गं, घरासाठी," मी म्हटलं.

"मले मालूम हाय."

"मी आत्ता जाऊन साहेबांना खरं सांगते. रद्द करते सगळं."

तिनं दांडा सोडला. "मंग घरबी जाईन. नाव तर गेलंच." ती रागावलेली नव्हती, तेच मला सोसलं नाही. "गावाले सतरांदा सांगतलं त्यायनं, का माह्या सुनेचं काही चुकलं नाही. आज एकडाव उलटं सांगतलं. लोक कोन्तं ध्यानात ठेवतीन, ताई? तुमी शिकेल हाय, तुमीच सांगा."

मी घागर उचलू लागले. तिनं ती माझ्याकडून घेतली आणि चालायला लागली.

संध्याकाळी मला निघायचं होतं. ऊन उतरलं, पण जमीन तापलेलीच होती. कौसल्याबाई आपल्या चुलीपाशी बसल्या होत्या, पेटवलेली नव्हती. मी म्हटलं, आता ती दुसरी मोडून टाका, झालं ना काम. माझं मलाच ते पोरकट वाटलं.

"नाही मोडता येत," त्या म्हणाल्या. "ग्रामसेवक सांगून गेला. जोत्याले पाहाले येतीन, मंग भिंतीले, मंग पत्र्याले. घर होयेस्तोर येगळंच राहा लागते." म्हणजे पावसाळा, कदाचित दिवाळीही. एका झोपडीत दोघी, समोरासमोर, आपापलं करपलेलं खात. नियम बनवणाऱ्याला हे माहीत नसेल, आणि नियमातली वाट शोधणाऱ्या मला तर ते त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मला स्वतःची चीड आली, त्या चुलीवर कुटुंब मोजणाऱ्या डोक्याची त्याहून जास्त. या दोघींइतकं कुटुंब मी माझ्या अख्ख्या गल्लीत पाहिलेलं नाही.

मंगला पाणी ठेवून दारात उभी राहिली. मी माझी पिशवी उगाच उघडत होते, बंद करत होते. प्रेमसिंगभाऊ दोनदा गाडीपर्यंत जाऊन आले.

अखेर कौसल्याबाईच बोलल्या, सुनेकडे न बघता. "घर तं तुह्या नावानं होईन, मंगले. म्या तं चारचौघांत सांगून बसलो, का आपलं काही नातं राह्यलं नाही. मंग मी त्या घरात येऊ कोन म्हून?"

मला वाटलं मंगला रडेल. ती नाही रडली. ती अंगण ओलांडून आली, सासूच्या थंड चुलीपुढं बसली, पऱ्हाटीच्या चार काड्या मोडून आत सारल्या आणि आगकाडी ओढली.

"पाव्हनी म्हून या, आत्याबाई," ती म्हणाली. "अन् जायाची घाई करू नोका."